अर्धी आपली, अर्धी संकटाची

माझ्या गुडगावच्या घरमालकांसमोर, म्हणजे काकांसमोर, कुणी टक्क्यांत बोलायला लागलं, की ते हातातला चहाचा कप खाली ठेवत आणि विचारत, “टक्के कशाचे?”

शेजारच्या पंजाबी आजी एकदा नातवाच्या बारावीच्या निकालाचे लाडू घेऊन आल्या. “पंचानवे परसेंट आए हैं जी!” काकांनी लाडू घेतला, न्याहाळला आणि विचारलं, “बहुत अच्छा. पर किसके पंचानवे? पेपर ही आसान हो गया हो तो?” आजी गोंधळल्या. काकू आतून धावत आल्या. “इनकी बात बिल्कुल मत सुनिए,” म्हणत त्यांनी आजींना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. काका मात्र खरोखरच उत्तराची वाट पाहत बसले होते. त्यांना कुणाला टोचायचं नसे. कशात मोजलं ते कळल्याशिवाय त्यांना कुठलंही माप पचतच नसे.

काका आता नाहीत. पण अजूनही कुणी मला फोन दाखवून “शंभर टक्के चार्ज आहे” म्हणालं, की तो प्रश्न माझ्या तोंडात येतो आणि मी तो गिळते.

मी पुण्याहून नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली मला मिळाली. मराठी घर, साधं जेवण आणि काकूंचं ‘मुलगी नीट दिसते’ हे मत, एवढ्यावर सगळं ठरलं. दोघांना मूलबाळ नव्हतं. काकू मला ‘बाळ’ म्हणत आणि काका ‘पुणेकर’ म्हणत. काकांच्या तोंडी तो शब्द साधारण ‘आरोपी’सारखा यायचा.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. तीही माणसांत नाही, एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये. गावातली वीज गेली तरी फोन चालू राहत, ते त्या खोलीमुळे. कमरेएवढ्या उंचीच्या बॅटऱ्या रांगेनं उभ्या, हवेत ॲसिडचा आंबूस वास, आणि त्यांच्यामधून हे फिरायचे. काकू सांगत, “दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा ह्यांचा एक शर्ट धड नसायचा. सगळीकडे ॲसिडची भोकं. शेजारणी विचारायच्या, भाईसाब बीडी बहुत पीते हैं क्या?”

पुढे देशाची बाजारपेठ खुली झाली, ज्याला त्याला फोन हवासा झाला, आणि नव्या वसाहतींत नवी एक्स्चेंजं उघडायला लागली. काकांची बदली गुडगावला झाली तेव्हा इथे मोहरीची शेतं होती. शेतात एकटी उभी असलेली एक इमारत बघून त्यांनी तिथे फ्लॅट घेतला, आणि क्वार्टरमधल्या सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. मग काचेचे टॉवर आले, मॉल आले, मेट्रो आली. मोबाइलही आला. ज्या फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, तो लोक स्वतः येऊन परत करायला लागले. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बॅटऱ्या जवळजवळ कुणासाठीच उभ्या नव्हत्या.

“बॅटरी ही वापरायची वस्तू नाही, राखायची वस्तू आहे,” ते म्हणत. हे त्यांच्या घरातही दिसायचं. पाइपचा गॅस असून एक भरलेला सिलिंडर बाल्कनीत असे. टॉर्च होता, आणि अंधारात तो शोधायला दुसरा टॉर्च होता. काकूंच्या चांगल्या साड्या ‘प्रसंगाला लागतील’ म्हणून कपाटात होत्या, आणि प्रसंग आला की काका म्हणत, “ह्याहून मोठा आला तर?”

अशा माणसानं निवृत्तीनंतर विजेवर चालणारी गाडी घेतली. सोसायटीतली ती पहिलीच. मी कारण विचारलं तेव्हा ते जरा लाजले. “आयुष्यभर उभ्या बॅटऱ्या सांभाळल्या. एकदा चालणारी बघायची होती.”

गाडीच्या पडद्यावर काय वाचायचं आणि काय नाही, ह्याचा धडा मला पहिल्याच आठवड्यात मिळाला. काकांनी स्वयंपाकघरातून दोन डबे आणले, एक मोठा आणि एक छोटा. दोन्ही रव्यानं काठोकाठ भरले.

“हा किती टक्के भरलाय?”

“शंभर.”

“आणि हा?”

“हाही शंभर.”

“दोन्हींतून सारखा शिरा होईल?”

“नाही.”

“झालं. पडद्यावर दिसतो तो चार्ज. म्हणजे डबा किती भरलाय. डबा केवढा आहे, ती कपॅसिटी. गाडी नवी असते तेव्हा डबा मोठा असतो. वर्षागणिक तो बारीक बारीक होत जातो, पण पडदा रोज सकाळी शंभरच दाखवतो. खोटं बोलत नाही तो. फक्त सगळं सांगत नाही.”

“रवा परत भरून ठेवा,” काकू म्हणाल्या. “आणि सांडलेला पुसा.”

पडद्यावर आणखी एक आकडा यायचा, अजून किती किलोमीटर जाता येईल त्याचा. त्याला काका ‘ज्योतिषी’ म्हणत. तुम्ही आत्तापर्यंत जशी गाडी चालवलीत तशीच पुढेही चालवाल, असं धरून तो भविष्य सांगतो. पुढे चढ आहे की ट्रॅफिक, एसी लागणार की हीटर, त्याला काय माहीत? म्हणून काकांनी त्या आकड्यावर वायरमन लावतात ती काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. सर्व्हिसिंगच्या पोरांनी दर वेळी ती काढायची आणि काकांनी दर वेळी नवी लावायची.

डबा केवढा उरलाय ते कळायचा एकच मार्ग त्यांना मान्य होता. तो बॅटरी रूमचा. “भरलेली बॅटरी काही बोलत नाही. रिकामी होताना खरं बोलते.” म्हणून वर्षातून एकदा ते गाडी पूर्ण भरत आणि मग ती संपत येईपर्यंत आमच्या सेक्टरभोवती गोल गोल फिरवत. मी एकदा बरोबर होते. त्याच गेटवरून आम्ही इतक्यांदा गेलो की गार्डनं हात करून गाडी थांबवली. “अंकल जी, कुछ खो गया है क्या?”

“हाँ भाई,” काका गंभीरपणे म्हणाले, “थोड़ा-थोड़ा हर साल खो रहा है. वही देख रहा हूँ, कितना गया.”

गार्डनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

हे सगळं चेष्टेवारी नेण्यासारखं होतं आणि आम्ही नेतही होतो. पण त्यांचा एक नियम असा होता की त्यापुढे चेष्टा थांबायची. पडद्यावर कितीही दिसो, त्यातली अर्धीच बॅटरी ते आपली मानत. अर्धी संपायच्या आत गाडी परत घरी. “अर्धी आपली, अर्धी संकटाची.” मी त्यांना गाडीचं पुस्तक उघडून दाखवलं, की ह्या बॅटऱ्या वेगळ्या असतात, तुमच्या ॲसिडवाल्यांसारख्या नाहीत, अगदी खालपर्यंत वापरल्या तरी काही होत नाही. त्यांनी पुस्तक वाचलं, मान डोलावली आणि बाजूला ठेवलं.

मग एकदा, वीज गेलेली असताना बाल्कनीत बसून, त्यांनी मला त्यामागची गोष्ट सांगितली. ते नोकरीत नवे होते. साहेबाच्या सांगण्यावरून त्यांनी एक जुनी बॅटरी बदलायची लांबणीवर टाकली. भर उन्हाळ्यात वीज गेली आणि बॅटरीनं पटकन मान टाकली. जनरेटर सुरू होईपर्यंत सबंध एक्स्चेंज मुकं झालं. “तेवढ्या वेळात कुणी कुणाला काय सांगायला फोन उचलला असेल, पुणेकर?” ते म्हणाले. “कुणाच्या घरी काय झालं असेल? मला कधीच कळलं नाही. कळणारही नाही.” तेव्हापासून त्यांनी अर्धं राखायला सुरुवात केली. मला तेव्हा त्यांच्याबद्दल माया वाटली होती. पुढे त्याच नियमाचा फार राग आला.

काकूंची एकच बहीण, अक्का. राजस्थानातल्या अलवरला असायच्या. यजमान तिथल्या कॉलेजात होते, ते गेल्यावर मुलाजवळ तिथेच राहिल्या. काकूंची आई लवकर गेली, त्यामुळे काकूंना वेणीफणीपासून सगळं अक्कांनीच केलेलं. दोघींचा दर रविवारी सकाळी फोन व्हायचा. ट्रंक कॉलसाठी तासन् तास बसावं लागायचं तेव्हापासून तो होता, कारण काका खात्यात होते आणि लाइन मिळवून द्यायचे. काका इतर बाबतींत कितीही कंजूष असोत, ह्या फोनमध्ये त्यांनी कधी खंड पडू दिला नाही. काकू खुर्ची ओढून बसायच्या आणि तास-दीड तास बोलायच्या. काय बोलायच्या? भाजी काय केली, गुडघा कोणता दुखतो, कुणाचं लग्न ठरलं. मला मागच्या खोलीत ऐकू यायचं आणि बरं वाटायचं.

मी तिथे असतानाच्या एका उन्हाळ्यात अक्कांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. पुढच्या रविवारी भाच्यानं फोन लावून अक्कांच्या कानाशी धरला. काकू खूप वेळ बोलल्या, मग गप्प राहून ऐकत राहिल्या, आणि मग त्यांनी फोन ठेवला.

“नुसता श्वास ऐकू येतो गं बाळ,” त्या मला म्हणाल्या. “तिला माझं कळतंय की नाही, ते तिच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय कसं समजणार?”

त्या दिवसापासून काकूंनी अलवरचा धोशा लावला. आणि काका म्हणाले, “अर्ध्यात बसत नाही.”

“काय बसत नाही?”

“अलवर. सोहना गेलं, फिरोजपूर झिरका आलं की अर्धी संपते.”

“मग पुढची अर्धी वापरा! अहो, अलवर आहे, लंडन नाही.”

“आणि परत कसं यायचं? वाटेत कुठे चार्जिंगची सोय नाही.”

“अक्काच्या अंगणात पाण्याच्या मोटरचा प्लग आहे. तिथे लावा गाडी.”

“वीज गेली तर?”

“गेली तर येईल! नाही आली तर राहू दोन दिवस. बहिणीच्याच घरी तर असेन!”

काका हलले नाहीत. आगगाडी होती, पण स्टेशनाचा पूल काकूंच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. टॅक्सी? “ते पोरगे झोपेत चालवतात.” मी म्हटलं, मी ऑफिसमधल्या मैत्रिणीची पेट्रोलची गाडी घेते आणि काकूंना नेते. “तू पुणेकर,” काका म्हणाले. “इथे हायवेवर समोरून उलटा ट्रॅक्टर येतो, माहीत आहे?” त्यांना काकूंना कुणाच्याच हाती सोपवायचं नव्हतं. स्वतःच्या हातीसुद्धा नाही. त्या रस्त्याच्या मधोमध गाडी मुकी होऊन उभी आहे आणि आत काकू बसल्यात, हे चित्र त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

“जायचंच नाही असं म्हणत नाही मी,” ते म्हणायचे. “जरा हवा बदलू दे. उन्हात एसी फार खातो.” मग पाऊस आला. “सोहन्याला पाणी तुंबतं.” पाऊस गेला आणि दिवाळी झाली. काकूंनी अक्कांसाठी एक मऊ शाल आणली आणि पिशवीत घालून दाराशी ठेवली. मग थंडी पडली. थंडीत बॅटरी आखडते. काकांनी गाडी भरली, सेक्टरभोवती फिरवून डब्याचं माप घेतलं आणि जेवताना सांगितलं, “आणखी कमी झालीये. होळी होऊ दे. होळीनंतर हवा उत्तम असते. होळीनंतर नक्की.”

काकूंनी ताटातला भात बाजूला केला. “मी भांडत नाही आता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणता म्हणजे होळीनंतर.”

मला वाटलं, ह्या बाईनं ताट भिरकावून द्यायला हवं होतं. पण ती पिढीच तशी. आणि खरं म्हणजे त्यांचा काकांच्या मापावर विश्वास होता. जन्मभर ह्याच माणसानं मोजून मापून त्यांना अक्काचा आवाज आणून दिला होता.

भाच्याचा फोन आला तो संक्रांतीनंतर काही दिवसांनी, सकाळी. काकूंनीच उचलला. “बरं,” म्हणाल्या. “बरं. थांबा आमच्यासाठी.” फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या, त्याच रविवारच्या खुर्चीत.

काका वर्तमानपत्र टाकून उठले. त्यांनी किल्ली घेतली आणि म्हणाले, “चला.” मीही निघाले. गाडी नव्वदीच्या आसपास भरलेली होती, पूर्ण भरायला ते थांबले नाहीत.

एरवी काका गाडी चालवताना दर थोड्या वेळानं आकडा मोठ्यानं वाचत. त्या दिवशी त्यांनी तो एकदाही वाचला नाही. बाहेर धुकं होतं, कडेच्या शेतांत मोहरी फुललेली होती. काकू पुढे त्यांच्या शेजारी, शालीची पिशवी मांडीवर. मी मागून पडदा बघत होते. फिरोजपूर झिरका येईपर्यंत काकांची अर्धी संपली. त्यांनी गाडीचा वेगसुद्धा कमी केला नाही. मी मनात देवाचं नाव घेत होते, गाडी बंद पडू नये म्हणून, आणि त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं की पडावी, म्हणजे ह्या माणसाचं म्हणणं निदान खरं तरी ठरेल.

गाडी बंद पडली नाही. अलवरच्या त्या गल्लीत अंगणाशी जाऊन ती नीट उभी राहिली. दारात माणसं जमलेली दिसत होती. काकूंनी दार उघडायला हात घातला, आणि थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कधीही विचारलं नव्हतं, ते त्या दिवशी विचारलं.

“किती उरलीय?”

काकांना वाचलेल्या आकड्याबद्दल खोटं बोलता येत नसे. “सव्वीस,” ते म्हणाले.

“म्हणजे येता आलं असतं,” काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. दूध आलं असं सांगावं, तसं सांगितलं. मग त्या गुडघ्यावर हात देऊन उतरल्या आणि आत गेल्या.

अक्कांना मधल्या खोलीत ठेवलं होतं. काकू त्यांच्या उशाशी बसल्या, पिशवीतली शाल काढून त्यांनी अक्कांच्या अंगावर घातली आणि बोलायला लागल्या. अगदी रविवारसारखं. “अक्का, मी आले गं. तुझं ऐकू यायचं नाही म्हणून आले. गुडघा आता डावाही दुखतो. परवा मेथी आणली होती, सगळी कडू निघाली.” तिथल्या बायका आधी रडत होत्या, हे ऐकून गप्प झाल्या. मला ते बघवेना, म्हणून मी बाहेर आले.

पुरुष माणसं अक्कांना घेऊन गेली आणि परत आली. भाचा भला माणूस, एवढ्या गडबडीत त्यानं न सांगता गाडीला मोटरच्या प्लगची वायर जोडून दिली होती. काका आंघोळ करून अंगणाच्या पायरीवर बसले होते, ओल्या केसांनी, गाडीकडे बघत. मी चहा घेऊन गेले. त्यांनी तो घेतला नाही.

“मी वीज जाईल म्हणून थांबलो गं,” ते म्हणाले.

मी शेजारी बसले. त्यांनी चेहऱ्यावरून पंचा ओढून घेतला. खांदे हलत राहिले, आवाज मुळीच नव्हता. त्या घरात त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघेपर्यंत वीज एकदाही गेली नाही.

त्यानंतर काकांनी अर्धी राखणं सोडलं. रोज गाडी काठोकाठ भरायची आणि वाटेल तिथे जायचं. मंडईत, देवळात, मला मेट्रो स्टेशनला सोडायला, शेजारच्या आजींच्या नातवाच्या क्लासला. काकूंना तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला नेलं. काकू पूर्वीसारख्याच बोलत, हसत, त्यांच्या ताटात वाढत. एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर काकांना बरं वाटलं असतं, असं मला अनेकदा वाटायचं.

वर्षभरात मला पुण्यात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी काकांनी टॅक्सी बोलवू दिली नाही. दोघंही मला विमानतळावर सोडायला आले. दुपारचं मोकळं ऊन होतं, रस्ता रिकामा. काकूंनी लाडवांचा डबा दिला, पोचल्याचा फोन कर म्हणून बजावलं. विमानतळ दिसायला लागला तेव्हा काका एकदम बोलले. माझ्याशी नाही, काकूंशी.

“हिला सोडल्यावरही भरपूर उरते गं. पुढे कुठे तरी जाऊ या. तू सांग. लांब असलं तरी चालेल. कुठे जायचंय तुला?”

काकूंनी खरंच विचार केला. मी मागून त्यांचा चेहरा बघत होते. त्या बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे पाहत होत्या, कुठे काही राहिलंय का ते आठवत असल्यासारख्या. मग त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “मला एकाच ठिकाणी जायचं होतं.”